आलेखाचा गज आधी तपासा

कापडाच्या धंद्यात गजाला फार मान आहे. गज दोन बोटे आखूड असला तर ठाणातले कापड कितीही उमदे असो, सौदा खोटाच. आज भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या बाजारात सुताचे भाव, कापडाचा खप, उधारीची वसुली हे सारे संगणकावरच्या आलेखातून समोर येऊ लागले आहे. दलाल मोबाईलवर आलेख पाठवतो, कर्जाच्या फाईलीला आलेख जोडला जातो, घरचा मुलगा महिनाअखेरीस विक्रीचा आलेख काढून देतो. आपले व्यापारी बांधव मात्र रेघ वर गेली की खाली आली, एवढेच पाहतात. आमचे म्हणणे असे की, रेघ नंतर पाहावी, आधी बाजूला लिहिलेले आकडे पाहावेत. आलेखाचा गज तोच आहे.

एक साधा हिशेब करून पाहू. समजा, सुताचा भाव किलोला २३० रुपये होता, तो २३६ झाला. वाढ झाली ६ रुपयांची, म्हणजे शेकडा अडीचच्या थोडी वर. आता हाच भाव खांबांच्या आलेखात मांडला आणि उभा अक्ष शून्याऐवजी २२८ पासून सुरू केला, तर पहिला खांब २ घरांचा आणि दुसरा ८ घरांचा दिसतो. डोळ्याला वाटते, भाव चौपट झाला! चार-सहा लूमचा कारखानदार असा आलेख पाहून घाबरतो आणि उधारीवर गरजेपेक्षा जास्त सूत भरून ठेवतो. पुढे भाव उतरला की व्याज त्याच्या डोक्यावर आणि माल गोदामात. आकडा एकही खोटा नव्हता, फक्त गज आखूड होता.

यात दर वेळी कोणाची बदमाशीच असते असेही नाही. आकड्यांतला फरक थोडा असला की एक्सेल स्वतःहूनच अक्ष वरच्या आकड्यापासून सुरू करते. दुरुस्ती सोपी आहे. उभ्या अक्षावर दोनदा क्लिक करावे, ‘फॉरमॅट ॲक्सिस’ उघडते, त्यात ‘मिनिमम’च्या घरात शून्य लिहावे. खांबांचा आलेख शून्यापासूनच असावा, कारण तिथे डोळा खांबाची उंची मोजतो. रेघेच्या आलेखात अक्ष वरून सुरू केला तर हरकत नाही, पण तसे ठळक लिहून ठेवावे. त्याच खिडकीत ‘डिस्प्ले युनिट्स’ आहे. तिथे १००००० निवडले की आकडे लाखांत येतात. मग शून्ये मोजत बसावे लागत नाही. बाजूला ‘रुपये, लाखांत’ असे लिहायला मात्र विसरू नये. ज्या अक्षावर रुपये की मीटर हेच लिहिलेले नाही, तो आलेख कोऱ्या चिठ्ठीसारखा समजावा.

आता आडव्या रेघांबद्दल. या रेघा आकडा वाचण्यासाठी असतात, नक्षीसाठी नाहीत. चार-पाच पुरे. ‘मेजर युनिट’मध्ये अंतर द्यावे आणि रंग फिका ठेवावा. फार दाट रेघा असल्या की मूळ रेघ जाळीत अडकल्यासारखी दिसते. खांबांवर आकडे छापलेच असतील तर रेघा काढून टाकल्या तरी चालते. मात्र कागद झेरॉक्स होऊन पुढे जाणार असेल, तर फार फिकी रेघ त्यात उडून जाते, हे ध्यानात ठेवावे. एखाद्या महिन्यात तोटा असेल तर खांब खाली उतरतो आणि महिन्यांची नावे त्याच्याखाली दबतात. ‘लेबल पोझिशन’ला ‘लो’ केले की नावे तळाशी जातात. तोटा लपू नये, तो तर सर्वांत आधी दिसायला हवा.

खालच्या आडव्या अक्षाची गोष्ट आपल्या कारोबाराशी अधिक जवळची आहे. आपला मोठा हंगाम रमजानचा, आणि रमजान इंग्रजी तारखांत दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२४ ची ईद-उल-फित्र आपल्याकडे ११ एप्रिलला होती, २०२५ ची ३१ मार्चला. दोन्ही वर्षांचे एप्रिल शेजारी ठेवले तर २०२५ चा धंदा कोसळल्यासारखा दिसेल, कारण ईदची सारी खरेदी मार्चमध्येच होऊन गेली होती. असा आलेख पाहून कोणी मालाची ऑर्डर कमी केली, तर पुढच्या हंगामात गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाईल. म्हणून खाली महिन्यांऐवजी ‘ईदपूर्वी चौथा आठवडा, तिसरा, दुसरा, पहिला’ अशी नावे द्यावीत. मग तुलना खरी होते. मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात. तारखा दिल्या की एक्सेल तिथे रिकामी जागा सोडते. ‘टेक्स्ट ॲक्सिस’ निवडले की फक्त कामाचे दिवस राहतात.

आलेख ही काही नवी चीज नाही. विल्यम प्लेफेअर याने १७८६ मध्ये लंडनमध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख छापले. म्हणजे ही विद्या पहिल्यापासून व्यापाऱ्याच्याच कामाची आहे. ती संगणकवाल्या मुलावर सोपवून मोकळे होणे आम्हाला पसंत नाही. मुलाने आलेख जरूर काढावा. मालकाने मात्र तीन गोष्टी विचाराव्यात : अक्ष कुठून सुरू होतो, आकडे कशाचे आहेत, आणि खालचे दिवस कोणते. दुसऱ्याचा आलेख असेल तर हेच विचारावे, आणि आपला दुसऱ्याला द्यायचा असेल तर न विचारता सांगावे. ज्या दुकानाचा गज पुरा असतो, तिथे गिऱ्हाईक पुन्हा येते. कागदावरच्या गजालाही हाच कायदा लागू आहे.