काटा खाली, तरीही लक्ष हवं!

मैत्रिणींनो, लोणावळ्यात आज कितीतरी जणी मुलांना शाळेत सोडायला, पुण्या-मुंबईला जायला स्वतः गाडी चालवतात. खोपोलीहून बोरघाट चढताना तापमानाचा काटा वर गेला की जीव धास्तावतो. पण काटा खालीच राहिला तर? ‘बरंच की, गाडी थंड आहे!’ म्हणून विषय संपतो. तिथेच फसगत होते.

इंजिनलाही ठरावीक ऊब लागते, साधारण ९० अंश सेल्सिअस. पंधरा मिनिटं चालवूनही काटा तळाशीच असेल, तर बहुतेक वेळा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो. मग इंधन जास्त जातं, इंजिनची झीज वाढते. अशा वेळी हीटर लावून पाहा. हवा कोमटच आली तर संशय थर्मोस्टॅटवर. चांगली गरम आली तर सेन्सर, वायर किंवा काटाच बिघडलेला.

खरा धोका वेगळाच. कूलंट फार कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो. काटा खाली आणि इंजिन आतून भाजतंय! म्हणून सकाळी गार इंजिनवर कूलंटच्या टाकीतली पातळी बघावी. गरम असताना झाकण मुळीच उघडू नये.

गॅरेजवाला ‘ताई, थर्मोस्टॅट काढूनच टाकू’ म्हणाला, तर ठाम नकार द्या, नवा बसवून घ्या. दुधापासून गॅसपर्यंत सगळ्यावर नजर ठेवणाऱ्या आपल्याला हे काय अवघड? ‘गाडीतलं बायकांना कळत नाही’ हे ऐकून घेणं आता पुरे!