विषयांची निवड

शालान्त परीक्षेचा निकाल लागला, की अलिबाग-मुरूडच्या बाजूस घरोघरी एकच खल सुरू होतो. विज्ञान शाखेला जायचे, तर मुलाने गणित घ्यावे की जीवशास्त्र? ओटीवर काका येतात, शेजारी येतात, मुंबईहून मामांचा फोन येतो. ज्याला ते विषय शिकायचे आहेत तो मात्र बहुधा दाराआड उभा राहून आपल्या भवितव्याचा निर्णय ऐकत असतो.

या चर्चेत दोन कारणे हटकून पुढे येतात. अमुक विषयाला नोकरी आहे, हे एक. आणि गणित अवघड, म्हणून ते टाळावे, हे दुसरे. पहिल्या कारणाची थट्टा करू नये. होडीवर किंवा चार नारळीपोफळींवर ज्या घराचा संसार चालतो, तेथे मुलगा मिळवता केव्हा होईल ही चिंता असणारच. दुसरे कारण मात्र घातक होय. वैद्यकास जावयाचे तर जीवशास्त्र लागते, अभियांत्रिकीस जावयाचे तर गणित लागते. सोळाव्या वर्षी केवळ भीतीपोटी लावून घेतलेले दार पुढे उघडणे फार कठीण जाते.

याच जिल्ह्यात, महाडजवळच्या नाते गावी, १८९६ साली चिंतामणराव देशमुख यांचा जन्म झाला. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. अशा मुलाने संस्कृतच शिकावे, असे कोणालाही वाटले असते. केंब्रिजला जाऊन ते शिकले वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूशास्त्र. वनस्पतिशास्त्रात तर पारितोषिकही मिळविले. पुढे १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० पासून १९५६ पर्यंत देशाचे अर्थमंत्री होते. वनस्पतिशास्त्रामुळे त्यांना अर्थकारण उमगले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण त्या विषयाने त्यांची वाट अडविली नाही, आणि संस्कृतही सुटले नाही. कालिदासाचे ‘मेघदूत’ त्यांनी मराठीत आणले.

अर्थात प्रत्येकाला देशमुखांची बुद्धी लाभत नाही. म्हणून अलिबागचेच दुसरे उदाहरण पाहावे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युत्प्रवाहाने नाजूक उपकरणांची नोंद बिघडेल हे उघड झाले. कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळावा, हा त्यातील हेतू. ते काम आजही तेथे चालू आहे.

आता ही वेधशाळा कोणत्या विषयाची म्हणावी? चुंबकाची म्हणून भौतिकशास्त्राची. पण आकड्यांचा अर्थ गणिताविना लागत नाही. चुंबकीय वादळे उठतात ती सूर्यावरील घडामोडींमुळे, म्हणजे आकाशाचे ज्ञान हवे. पृथ्वीचे चुंबकत्व तिच्या खोल गाभ्यातील वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीतून निर्माण होते, तेव्हा भूशास्त्रही आले. इमारत बांधताना लोखंड टाळावे लागले, म्हणून कोणत्या दगडात काय असते हे गवंड्यालाही कोणी तरी सांगावेच लागले असणार! शाळेच्या वेळापत्रकात विषयांना वेगवेगळे तास असतात. कामाच्या जागी ते एकमेकांत मिसळून जातात.

थळ-वरसोलीच्या कोळीवाड्यातील मुलीलाही हे ठाऊक असते, फक्त तिला कोणी तसे सांगितलेले नसते. पिल्ले मोठी होण्याआधीच जाळ्यात आली तर पुढील हंगामात मासळी का घटते, हा जीवशास्त्राचा प्रश्न. मासळीवर किती बर्फ घालावा, हा उष्णतेचा. होडीवरील यंत्र पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली सांगते, तो हिशेब गणिताचा. यांपैकी कोणता प्रश्न तिला रात्री झोपू देत नाही, एवढे कळले तरी निवडीचे निम्मे काम होते. गणितात गुण कमी पडले असतील, तर ते विषय न आवडल्यामुळे की शिकवणीत काही राहून गेल्यामुळे, हे आधी पाहावे. एका उन्हाळ्याच्या सुटीत पुष्कळ भरून निघते.

आणि दाराआडच्या मुलाला प्रथम ओटीवर बोलावून बसवावे. कोणत्या तासाची घंटा फार लवकर झाली असे वाटते, हे त्याला विचारावे. तोपर्यंत मामांचा फोन थोडा वेळ थांबू शकेल.