परिचारिकेची जबाबदारी ठरवताना

गाडी घसरली की चौकशी पुरी होण्याआधीच पॉइंट्समन किंवा स्टेशन मास्तर निलंबित होतो. रजिस्टर पाकीट गहाळ झाले की पहिले बोट पोस्टमनकडे जाते. हा अनुभव आपल्या बंधू-भगिनींना नवा नाही. रुग्णालयात हीच पाळी परिचारिकांवर येत आहे. हा प्रश्न त्यांचा त्यांनी पाहावा, असे म्हणून चालणार नाही. रेल्वेच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिका आपल्याच चळवळीतील कामगार आहेत, आणि आजारपणात आपली बायकामुले त्यांच्याच हाती असतात.

प्रथम कर्तव्याविषयी. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ साली या व्यवसायाची आचारसंहिता स्वीकारली आणि पुढे ती वेळोवेळी सुधारली. तिचे सार साधे आहे : रुग्णाचे हित आधी, त्याच्या इच्छेचा मान, त्याच्या आजाराची वाच्यता न करणे, जात-धर्म-पैसा न पाहता सेवा. रोजच्या कामात याचाच अर्थ असा की योग्य रुग्णाला, योग्य औषध, योग्य मात्रेत, योग्य मार्गाने आणि योग्य वेळी दिले की नाही हे तपासायचे व तसे लिहून ठेवायचे. यात कसूर झाली तर रुग्ण दगावू शकतो. म्हणून कसूर करणाऱ्याला जाब विचारला जाऊ नये, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. चुकीवर पांघरूण घालणे हे संघटनेचे काम नव्हे.

या व्यवसायाने कर्तव्य कसे निभावले याचे उदाहरण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात आहे. अरुणा शानबाग या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयाच्या आवारातच अमानुष हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, तिथल्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. सुरुवातीच्या परिचारिका निवृत्त झाल्या, नव्या आल्या, पण सेवा खंडली नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे जवळचे म्हणून रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनाच मान्यता दिली. मात्र हल्ला कामाच्या ठिकाणी झाला होता, हेही विसरता कामा नये. सेवा देणारीच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची होती?

आता कायद्याविषयी. १९९८ साली स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे एका लहान मुलाचे प्रकरण आले. डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधाऐवजी परिचारिकेने भलतेच इंजेक्शन दिले आणि मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. ती परिचारिका पात्रताधारक नव्हती. न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरले आणि मुलाला साडेबारा लाख व आईवडिलांना पाच लाख रुपये भरपाई कायम केली. अपात्र माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला हात झटकता येत नाहीत, हे यातून स्पष्ट झाले.

नुकसानभरपाईच्या बाबतीत हे तत्त्व असले, तरी फौजदारी कारवाईची वेळ आली की चित्र पालटते. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. अटक कोणाला झाली? एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना. काही वरिष्ठांवर निलंबनाची कारवाई झाली, परंतु बेड्या पडल्या त्या वॉर्डातील माणसांना. वीजजोडणी, अग्निशमन यंत्रणा, त्यांची तपासणी व त्यासाठीचा पैसा यांतले काय परिचारिकेच्या हाती होते?

नव्या कायद्याने हा धोका वाढवला आहे. जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०४ अ खाली निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास जास्तीत जास्त दोन वर्षे कैद होती, आणि ती सर्वांना सारखी होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ खाली ही शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून असे घडल्यास मर्यादा मात्र दोनच वर्षे ठेवली. नोंदणीकृत डॉक्टर म्हणजे कोण याची व्याख्या त्याच कलमात आहे आणि तिच्यात परिचारिका बसत नाही. म्हणजे एकाच वॉर्डात, एकाच रुग्णाच्या बाबतीत, डॉक्टरला दोन वर्षे आणि त्याच्या हुकुमाप्रमाणे काम करणारीला पाच वर्षे! डॉक्टरांना सवलत मिळाली याचे आम्हांस दुःख नाही. परिचारिकेला ती का नाही, एवढाच आमचा सवाल आहे. आणि रेल्वे कामगारांनी हेही ध्यानात घ्यावे की पाच वर्षांचे हे कलम आपल्यालाही लागू होऊ शकते.

माणसे कमी असतील तर सर्वांत प्रामाणिक हातूनही चूक होते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे सर्वसाधारण वॉर्डात अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीला एकटी परिचारिका भरलेला वॉर्ड सांभाळते, तेव्हा हा निकष कोणी मोडलेला असतो?

परिचारिका भगिनींना आमचे सांगणे आहे की लेखणी हेच तुमचे संरक्षण आहे. स्टेशन मास्तर प्रायव्हेट नंबरची देवाणघेवाण केल्याशिवाय गाडी घेत नाही. तोंडी हुकुमाच्या बाबतीत तुम्हीही तशाच काटेकोर राहा. फोनवरचा हुकूम परत वाचून दाखवा, वेळेसह नोंदवा आणि नंतर डॉक्टरांची सही घ्या. मात्रा संशयास्पद वाटली तर विचारल्याशिवाय इंजेक्शन देऊ नका. मनुष्यबळ कमी असेल, यंत्र नादुरुस्त असेल, तर प्रशासनाला लेखी कळवा आणि प्रत जपून ठेवा.

आमच्या मागण्या अशा : कलम १०६ मधील कमी शिक्षेची तरतूद नोंदणीकृत परिचारिकांनाही लागू करावी. डॉक्टरांवरील फौजदारी कारवाईआधी तज्ज्ञाचे स्वतंत्र मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितले. तेच संरक्षण परिचारिकांना मिळावे. प्रत्येक चौकशीत त्या पाळीचे मनुष्यबळ आणि आधीची लेखी पत्रे पुरावा म्हणून घ्यावीत. या मागण्या आपल्या शाखांच्या सभांतून ठराव करून वर पाठवाव्यात, ही सर्व सभासदांना विनंती.