दाद मागायची कुठे?

ट्रान्सनिस्ट्रिया हा देश आहेही आणि नाहीही. १९९० मध्ये मोल्दोव्हापासून फुटून निघाला. स्वतःचं चलन, पोलीस, तुरुंग सगळं आहे, पण संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाची मान्यता नाही. तिथल्या संसदेत ओलेग होर्झान हा कम्युनिस्ट पुढारी सरकारविरुद्ध बोलायचा. २०१८ मध्ये निषेध सभेनंतर अटक, साडेचार वर्षांची शिक्षा. डिसेंबर २०२२ मध्ये सुटला आणि जुलै २०२३ मध्ये राहत्या घरी त्याचा खून झाला.

आता अशा माणसाने दाद मागायची कुठे? प्रदेश कागदोपत्री मोल्दोव्हाचा, पण तिथे मोल्दोव्हाच्या पोलिसांचं काही चालत नाही. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २००४ मध्ये इलाश्कू खटल्यात रशियालाही जबाबदार धरलं होतं. तर २०२२ मध्ये रशियाच त्या करारातून बाहेर!

सर्व्हर बंद पडला की दोन टीम एकमेकींकडे बोट दाखवतात, हे आम्हा आयटीवाल्यांना रोजचंच. इथे मात्र माणूस गेलाय.

मला काही त्याचा कम्युनिझम पटत नाही. पण मंडळी, फुटीर राज्याला मान्यता नाकारणं वेगळं आणि तिथल्या माणसांना वाऱ्यावर सोडणं वेगळं. राज्याला मान्यता नसेल, माणसाला तरी हवी ना?