सुट्टी कुणाची?

गेल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. रविवारी मुलगी, जावई आणि साडेपाच वर्षांचा नातू आमच्याकडे जेवायला आले होते. जेवणं आटोपल्यावर मुलीनं मोबाइलवर तीन सहलींची पत्रकं उघडून माझ्यापुढं धरली. एक दुबईचं, एक सिंगापूरचं, एक राजस्थानचं. म्हणाली, ''बाबा, तुम्ही आयुष्यभर लोकांच्या कर्जाचे अर्ज तपासलेत. यातला एक मंजूर करा. त्याची पहिली मोठी सहल आहे, लक्षात राहील अशी झाली पाहिजे.''

सवयीनं मी चष्मा पुसला आणि बारीक अक्षरातला मजकूर आधी वाचला. तिन्ही पत्रकांत दिवस सकाळी सहाला सुरू होत होता आणि रात्री साडेदहाला संपत होता. रोज चार ते पाच स्थळं. मी विचारलं, ''यात तो झोपणार कधी?'' जावई हसले. मी पुढं माझं शहाणपण पाजळलं, ''आणि एवढ्या लहान वयातलं त्याच्या काही लक्षात राहायचं नाही. आठ-नऊ वर्षांचा होऊ द्या, मग न्या.''

मुलगी म्हणाली, ''मला राहिलंय की लक्षात. दिल्ली-आग्र्याला गेलो तेव्हा मी पाचच वर्षांची होते.''

मला फार बरं वाटलं. मी विचारलं, ''काय आठवतं? ताजमहाल?''

''ताजमहाल नाही. स्टेशनावर माझ्या हातून सुरई पडली आणि फुटली. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडलात. आई खाली बसून खापऱ्या गोळा करत होती, ते आठवतं.''

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. ती काही बोलली नाही. मला मात्र ती सुरई फुटल्याचंही आठवत नव्हतं.

त्या सहलीची हकिकत सांगायलाच हवी. बँकेत आम्हाला एलएफसी मिळायची, म्हणजे रजा घेऊन सहकुटुंब प्रवास केला तर त्याचं भाडं. त्याचे ब्लॉक असायचे आणि ब्लॉक संपायच्या आत प्रवास केला नाही तर ती सवलत बुडायची. 'बुडणे' हा शब्द बँकवाल्याला किती लागतो ते बँकवाल्यालाच माहीत. १९९२ साली माझा ब्लॉक संपत आला होता. म्हणून आम्ही भर मे महिन्यात, मुलगी पाच वर्षांची असताना, पुण्याहून झेलम एक्स्प्रेसनं उत्तरेला निघालो. आग्रा, दिल्ली, हरिद्वार, मसुरी. अकरा दिवस. मी एका वहीत उभे रकाने आखले होते: स्थळ, पोचण्याची वेळ, निघण्याची वेळ, खर्च. पाहून झालेल्या स्थळापुढं मी तांबड्या शाईनं बरोबरची खूण करत असे. तिकिटांचे क्रमांक वेगळ्या पानावर, कारण परत आल्यावर बिल लावायचं होतं.

आग्र्यात पारा किती होता ते मी वहीत लिहिलेलं नाही. ताजमहालाच्या चौथऱ्यावर चपला काढून चढावं लागतं आणि दुपारी एक वाजता तो संगमरवर तव्यासारखा तापतो. मुलीनं भोकाड पसरलं. अल्बममधल्या फोटोत ती रडते आहे आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवून हसतो आहे. बायको फोटोत नाही. तिच्याच हातात कॅमेरा असणार, असं मी इतकी वर्षं समजत होतो. परवा तिनं सांगितलं की फोटो तिथल्या एका फोटोग्राफरनं काढला. ती खाली झाडाच्या सावलीत सामान सांभाळत बसली होती. ताजमहाल तिनं जवळून पाहिलाच नाही. दिल्लीत मुलीला ताप आला. हरिद्वारला त्या दोघी लॉजवर आणि मी एकटा हर की पौडीची आरती बघायला. बरोबरची खूण करून मी परत आलो.

मी वाईट बाप होतो असं मला वाटत नाही. आमच्या पिढीत बहुतेकांनी अशाच सहली केल्या. पैसा जपून मिळवलेला, रजा मोजून मिळालेली, पुन्हा एवढ्या लांब येणं होईल की नाही याची खात्री नाही. मग स्थळं वसूल करायची. हल्लीचे आईबाप आम्हाला हसतात, पण या पत्रकांत माझीच वही छापलेली मला दिसली. फक्त तांबड्या शाईऐवजी आता फोटो लगेच साऱ्या नातेवाइकांना जातो.

आठवणीबद्दल मी जे ठोकून दिलं होतं, तेही अर्धवटच होतं. मोठ्या माणसांना स्वतःची सर्वांत जुनी आठवण विचारली तर ती साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली निघते, त्याआधीचं पुसलेलं असतं, असं मानसशास्त्रज्ञ सांगतात. त्यानंतरच्या काही वर्षांतलंही विरळच उरतं. म्हणजे दोन वर्षांच्या बाळाला घेऊन सिंगापूरला जाणाऱ्यांनी ते आपल्या हौसेसाठी चाललोय हे स्वतःशी कबूल करावं; त्यात गैर काही नाही. पण पाच वर्षांच्या मुलाचं तसं नाही. त्याच्या मनात काही पक्कं बसतं. काय बसणार हे मात्र आपल्या हाती नसतं. एक गोष्ट थोडीफार हाती असते. घरी आल्यावर आईबाप मुलाशी त्या प्रवासाबद्दल बोलत राहिले, त्याला विचारत राहिले, तर त्याच्या आठवणी जास्त टिकतात, असं अभ्यासकांना आढळलं आहे. आम्ही परत आल्यावर मी बिल लावलं आणि विषय संपला. सुरईबद्दल मुलगी एकटीच स्वतःशी बोलत राहिली असणार.

तर मी त्या तिन्ही पत्रकांना नामंजुरी दिली आणि नेहमीच्या म्हाताऱ्यासारखं म्हटलं, ''त्यापेक्षा कोकणात जा. आमच्या लहानपणी मे महिना म्हणजे मामाचं गाव.''

मुलगी उसळली. ''मामाच्या गावाला मामी असायची, बाबा. वीस माणसांचं करायची. तिची सुट्टी कधी असायची ते तुम्ही कुणी लिहिलंय का? मला वर्षाकाठी सलग आठ दिवस रजा मिळते. त्या आठ दिवसांत मला कुणीतरी आयता चहा द्यायला हवा. सुट्टी त्याची आहे, तशी माझीही आहे.''

याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. माझ्या कादंबऱ्यांतून आजोळची वर्णनं मी भरपूर केली आहेत. आंबे, विहीर, पडवी, सगळं आहे. मामी चुलीपाशी आहे, आणि तिला मी चुलीपाशीच ठेवून दिलं आहे. लहान मुलाची सहल ठरवताना त्याच्या आईच्या विश्रांतीचा हिशेब आधी मांडावा, हे मला पासष्टीत मुलीनं शिकवलं. दमलेल्या आईबरोबर स्वर्गात गेलं तरी मूल किरकिरतं.

शेवटी तडजोड निघाली ती वेळासची. रत्नागिरी जिल्ह्यातला मंडणगड तालुका मला ठाऊक होता. ग्रामीण भागात नेमणूक सक्तीची असते, त्यात मी ऐंशीच्या दशकात तिथं दोन वर्षं काढली होती. त्या वेळी समुद्रकासव म्हटलं की लोक अंड्यांबद्दल बोलायचे. माणसांनी नेलेली, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरलेली. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं वेळासला संवर्धनाचं काम सुरू केलं आणि गावानं ते उचलून धरलं. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री किनाऱ्यावर येतात, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू लोटतात आणि निघून जातात. ती अंडी काढून कुंपण घातलेल्या जागी तशाच खड्ड्यात पुरायची. दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्लं आपोआप वर येतात. वाळू जास्त उबदार असेल तर माद्या जास्त होतात, कमी असेल तर नर. पिल्लं निघायचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. शाळेच्या दृष्टीनं हा काळ अडचणीचा, पण सीनियर केजीतल्या मुलाची दोन दिवस शाळा बुडाली तर त्याचं काय नुकसान होतं? हा फायदा पहिली-दुसरीपर्यंतच, पुढं तोही जातो.

मुलीच्या अटी होत्या. राहायचं गावातल्याच घरी, पण खोलीला लागून बाथरूम हवं. मुलाचं आवरायचं काम जावयांचं. आणि वही न्यायची नाही. शेवटची अट माझ्यासाठी.

मार्चमध्ये एका शुक्रवारी पहाटे आम्ही पाचजण ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असे निघालो. बागमांडल्याला सावित्री नदीच्या मुखाशी गाडी फेरीबोटीवर चढते आणि पलीकडं वेसवीला उतरते. आपण बसलेली गाडी बोटीत बसली, या एका गोष्टीनं नातू इतका हरखला की पोचल्या पोचल्या त्यानं विचारलं, ''परत जायचं का?'' मला वाटलं, कंटाळला. तसं नव्हतं. त्याला पुन्हा बोटीत बसायचं होतं.

संध्याकाळी किनाऱ्यावर दोरी बांधलेली, दोरीमागं शंभरेक माणसं. कार्यकर्त्यानं घरट्यावरची टोपली उचलली. खाली नुसती वाळू. गर्दीतून 'अरेरे' असा आवाज आला. शनिवारी सकाळी पुन्हा तेच. मुंबईहून आलेले एक गृहस्थ कार्यकर्त्याला विचारू लागले की पिल्लं नक्की कधी निघणार ते आधी का कळवत नाही, त्यांना आज दापोली आणि मुरुड उरकायचं होतं. त्यांच्या हाताला धरून एक मुलगी उभी होती, पाचेक वर्षांची. तिचं लक्ष खेकड्यांनी बिळाबाहेर मांडलेल्या वाळूच्या बारक्या गोळ्यांकडं होतं. नातू आणि ती दोघं मिळून ते गोळे मोजत होते. पंचेचाळीसपर्यंत आले असतील. गृहस्थांनी तिला ओढत जीपमध्ये घातलं. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या खिशात वही होती, मला दिसत होती.

शनिवारी संध्याकाळी टोपलीखाली अकरा पिल्लं निघाली. काळपट, तळहातात मावतील एवढी. त्यांना पाण्यापासून थोडं अलीकडं वाळूवर सोडतात, पाण्यात नेऊन टाकत नाहीत. त्यांनी आपलं आपण चालत जायचं असतं. एकेक लाट यायची, दोन पिल्लांना घेऊन जायची आणि एकाला उलटं करून परत आणून टाकायची. नातू दोरीवर ओणवा होऊन ओरडत होता, ''अरे, तिकडं नाही, इकडं!'' उलट्या पिल्लाला हात लावू दे म्हणून तो कार्यकर्त्याच्या मागं लागला. त्या मुलानं शांतपणे सांगितलं की आपण हात लावायचा नाही. मोठं होण्याइतकं जगतं ते हजारातलं एखादंच, हे त्यानं मोठ्यांना सांगितलं तेव्हा नातूही ऐकत होता हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

रात्री उकडीचे मोदक होते. नातवानं एक खाल्ला आणि विचारलं, ''त्यांची आई कुठंय?'' मुलगी म्हणाली, ''ती अंडी घालून समुद्रात गेली.'' ''मग त्यांना घरी कोण नेणार?'' आम्ही पाचांपैकी चार मोठी माणसं, त्यातला एक कादंबरीकार, आणि कुणालाही उत्तर देता आलं नाही. जावई म्हणाले, ''मला माहीत नाही रे. आपण त्या दादाला विचारू.'' रविवारी सकाळी त्या दादानं सांगितलं की २०२२ सालच्या जानेवारीत याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर यंत्र बसवून तिला 'प्रथमा' नाव देऊन सोडलं होतं, ती कुठं जाते ते उपग्रहावरून कळावं म्हणून. कासव एवढ्या लांब जाऊन येतं तर त्याचं घर कुठलं म्हणायचं, हे त्यालाही सांगता आलं नाही. नातवाचं समाधान झालं की नाही कोण जाणे. त्याच्या बापानं 'माहीत नाही' म्हटलेलं मात्र मला आवडलं. मी दिल्लीत प्रत्येक इमारतीचं साल सांगत सुटलो होतो.

हे वाचून सगळ्यांनी वेळासला धाव घ्यावी असं मी सुचवत नाही, आधीच तिथं गर्दी होते. माथेरान आहे. १९०७ साली सुरू झालेली नेरळची छोटी गाडी, दोन फुटी रूळ, एकवीस किलोमीटरला दोन तासांहून अधिक वेळ. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंद असते एवढं लक्षात ठेवावं. वर खासगी मोटार नाही, मुलाचा हात सोडून चालता येतं. सिंगापूरही वाईट नाही. तिथलं प्राणिसंग्रहालय १९७३ सालचं, प्राणी गजांमागं न ठेवता खंदकापलीकडं मोकळे ठेवलेले. मूल रमलं तर तिथंच दोन दिवस घालवा आणि बाकीची स्थळं सोडून द्या, भरलेले पैसे बुडाले तरी चालतील. बँकेतल्या माणसाला हे वाक्य लिहायला किती कष्ट पडले असतील याची कल्पना करावी.

परतीच्या फेरीबोटीवर एक प्रकार झाला. नातवाला वाऱ्यात टोपी कशी फडफडते ते बघायचं होतं. त्यानं माझी टोपी मागितली, कठड्यावर धरली आणि ती गेली सावित्रीत. चांगली होती, मुलीनंच आणलेली. मी ओरडलोच. दोन दिवस सांभाळलेला आवाज क्षणात सुटला. बोटीवरचे लोक वळून बघायला लागले. नातवाचा खालचा ओठ थरथरला. मुलगी माझ्याकडं बघून म्हणाली, ''झालं. आता हेच राहणार त्याच्या लक्षात.''

तसं झालंय खरं, पण सगळंच तसं नाही. या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. मुलगी मधूनमधून वेळासचा विषय काढते. अकरा पिल्लं आता केवढी झाली असतील, हा त्याचा ठरलेला प्रश्न. टोपीचं तो स्वतःहून सांगतो. त्यात मी फार मोठ्यानं ओरडतो आणि टोपी एका कासवाच्या डोक्यावर जाऊन बसते.

दुबईचं पत्रक मुलीनं पुसून टाकलेलं नाही. जावयांना ती उंच इमारत बघायचीच आहे. डिसेंबरात ती दोघं जाणार आहेत, पाच दिवस, आणि नातू आमच्याकडं राहणार आहे. त्याला कुठं न्यायचं याचा विचार मी सुरू केला होता. बायको म्हणाली, ''कुठंही नाही. त्याला घरी राहू दे. आणि चहा तुम्ही करा.''