वगळलेल्याच्या नावापुढे कारण लिहा

संघ हरायला लागला की व्यवस्थेला एक बळी लागतो. प्रशिक्षकाचा करार झालेला असतो, पदाधिकारी निवडून आलेले असतात, ज्येष्ठ खेळाडूंच्या मागे नाव आणि वर्तमानपत्रे असतात. उरतो तो विशी-बाविशीतला फॉरवर्ड. त्याने गोल केला नाही हे सगळ्यांना दिसते. त्याच्यापर्यंत चेंडू किती वेळा आला, हे कोणी मोजत नाही. मग एक यादी लागते आणि तिच्यात त्याचे नाव नसते. वर्तमानपत्रात एक ओळ येते, ‘तरुण खेळाडूला वगळले’. विषय संपला!

आमच्यासाठी तो संपत नाही. नारायणगावच्या एसटी स्थानकासमोर चहा पिताना आम्हा कार्यकर्त्यांत याच विषयावर दोन तास वाद झाला. एक जण म्हणाला, “संघ म्हणजे काय धर्मशाळा आहे का? खेळला नाही तर काढणारच. प्रत्येक ठिकाणी जात आणू नका.” दुसरा म्हणाला, “दादा, जात आम्ही आणत नाही, ती आधीच येऊन बसलेली असते.” दोघेही चळवळीतले, दोघेही हॉकीचे वेडे. म्हणून हा वाद इथे सविस्तर मांडत आहोत.

वादाचे निमित्त होते जुनेच, युवराज वाल्मिकी. सप्टेंबर 2011 मध्ये चीनमधल्या ऑर्डोस येथे पहिल्या आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला पेनल्टींवर 4-2 असे हरवले. निर्णायक पेनल्टी मारली ती मुंबईच्या या एकवीस वर्षांच्या फॉरवर्डने. त्यानंतर देशाने बातमी वाचली की मरीन लाइन्स भागातल्या त्याच्या घरात वीजच नाही. विजेत्या संघाला हॉकी इंडियाने प्रत्येकी 25,000 रुपये देऊ केले आणि खेळाडूंनी ते नाकारले, हेही तेव्हाचेच. वाल्मिकी हे आडनाव ऐकून आमच्या वस्तीतल्या पोरांनी त्याला लगेच आपला मानला होता.

पुढच्याच वर्षी लंडन ऑलिंपिक झाले. सोळा जणांच्या संघात युवराजचे नाव नव्हते. तो संघ सहाच्या सहा सामने हरला आणि बारा संघांत बारावा आला. त्याआधी 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकला तर भारत पात्रच ठरला नव्हता. म्हणजे संघ चाचपडत होता हे खरे.

आता स्पष्ट बोलू. युवराजला जातीमुळे वगळले असा आमचा आरोप नाही. तसा पुरावा आमच्याकडे नाही आणि पुराव्याशिवाय आरोप करणे ही आमची पद्धत नाही. तो असता तर संघ जिंकला असता, असेही आम्ही म्हणत नाही. तेव्हाचे प्रशिक्षक मायकेल नॉब्स ऑस्ट्रेलियाचे होते, त्यांना आपल्याकडची आडनावे काय कळणार, हा आमच्या मित्राचा मुद्दाही आम्ही मान्य करतो. पण प्रशिक्षकासमोर खेळाडू येतो तो शाळा, जिल्हा, राज्य, शिबिर अशा चाळण्यांतून गाळून. त्या चाळण्या ऑस्ट्रेलियातून येत नाहीत.

आमचा मुद्दा साधा आहे. वगळणे हा गुन्हा नाही. कारण न सांगता वगळणे आणि परतीची वाट न ठेवणे, हा अन्याय आहे. निवड जाहीर होते तेव्हा नावांची यादी येते. वगळलेल्याच्या नावापुढे कारण छापण्याची पद्धत आपल्याकडे नाही. मग कारण कुजबुजीतून येते. फिटनेस नाही, डोक्यात हवा गेली, शिस्त नाही. ‘गुणवत्ता’ हा शब्द हिशेब न देता वापरला की तो जातीसारखेच काम करतो. एकदा शिक्का बसला की तो पुसता येत नाही आणि तो कोणी मारला तेही कळत नाही.

हे केवळ संशयाने बोलत नाही. एप्रिल 2008 मध्ये तेव्हाच्या भारतीय हॉकी महासंघाचे सचिव के. ज्योतिकुमारन संघनिवडीसाठी पैसे घेताना दिसतात, असे छुपे चित्रीकरण एका वृत्तवाहिनीने दाखवले. त्यांना पद सोडावे लागले आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघच निलंबित केला. ज्या खोलीत कारण लिहावे लागत नाही, त्या खोलीबद्दल असेच संशय जन्म घेतात. प्रामाणिक निवड समितीलासुद्धा त्याची झळ लागते.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. जुन्नरची एसटी चाकण-भोसरीमार्गे वाकडेवाडीला जाते, तिथून खडकी हाकेच्या अंतरावर. त्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत धनराज पिल्ले वाढला. वडील मैदानाची देखभाल करायचे आणि पोरे मोडक्या स्टिका दोरीने बांधून खेळायची. डिसेंबर 1998 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने बँकॉकला आशियाई सुवर्ण जिंकले, तब्बल 32 वर्षांनी. त्यानंतर काय झाले? धनराज आणि आणखी सहा ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर. कारण सांगितले गेले ‘विश्रांती’. भत्ते आणि सोयींबद्दल तोंड उघडल्याची ही शिक्षा, असे हॉकीप्रेमी तेव्हाही म्हणत होते. धनराज परत आला, चार ऑलिंपिक खेळला. का? कारण त्याचे नाव एवढे मोठे झाले होते की त्याला गाडून टाकणे शक्य नव्हते. सुवर्ण जिंकून आणणाऱ्या कर्णधाराची ही गत, तर बावीस वर्षांच्या पोराने कोणाच्या जिवावर जाब विचारायचा?

इथेच खरी विषमता आहे. वगळण्याचा निर्णय सर्वांसाठी एकच दिसतो, पण त्याचे वजन सारखे नसते. ज्याच्या घरात फ्लॅट आहे, बापाची नोकरी आहे, मामा संघटनेत आहे, त्याच्यासाठी वगळणे म्हणजे एक वाईट हंगाम. तो खासगी प्रशिक्षक लावतो, पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो. ज्याच्या घरातून पहिल्यांदाच कोणी मैदानावर गेले, त्याच्यासाठी वगळणे म्हणजे वसतिगृहातली खाट, दोन वेळचे जेवण आणि नोकरीची आशा, सगळे एकाच कागदावर जाणे.

आमच्या वस्तीतल्या एका पोराचे हेच झाले. शहरातल्या एका वसतिगृहात राहून तो हॉकी शिकला. फॉरवर्ड होता, वाऱ्यासारखा पळायचा. संघ लागोपाठ सामने हरला आणि पुढच्या निवड चाचणीनंतर भिंतीवर यादी लागली. त्याचे नाव नव्हते. त्याने विचारले, “सर, माझे काय चुकले?” उत्तर मिळाले, “पुढच्या वर्षी बघू.” यादीतून नाव गेले तशी खाटही गेली, म्हणून त्याच्यासाठी पुढचे वर्ष आलेच नाही. आज तो नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट उचलतो. स्टिक घराच्या आढ्याला अडकवलेली आहे. काय चुकले, हे त्याला आजही माहीत नाही. कदाचित खरेच काही चुकले असेल. पण ते त्याला सांगितले असते, तर त्याने ते सुधारले असते!

‘खेळात जात नसते’ म्हणणाऱ्यांनी 2021 चा ऑगस्ट आठवावा. टोकियो ऑलिंपिकमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅट्ट्रिक करणारी, अशी कामगिरी करणारी पहिली भारतीय महिला हॉकीपटू वंदना कटारिया. भारत उपांत्य सामना अर्जेंटिनाकडून हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या गावात घरासमोर फटाके वाजले. संघात दलित खेळाडू जास्त झाल्यामुळे हरलो, अशी जातिवाचक शिवीगाळ झाल्याची तक्रार कुटुंबाने केली, पोलिसांनी गुन्हा नोंदवला. जिंकले की देशाची लेक, हरले की जातीची. निवड समितीत बसणारी माणसे याच समाजातून येतात, हे आम्ही विसरावे काय?

मग करायचे काय? इतिहासात उत्तर आहे. 1920 च्या चौरंगी क्रिकेट सामन्यांच्या वेळी हिंदू संघातून पळवणकर बाळू यांना वगळले गेले. संघाचा कर्णधार खेळू शकत नव्हता, तेव्हा नेतृत्व बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे येईल असे वाटत होते, पण ते दुसऱ्याला दिले. विठ्ठल आणि शिवराम हे दोन्ही भाऊ गप्प बसले नाहीत. त्यांनी संघातून माघार घेतली आणि जाहीर पत्रक काढून कारण सर्वांसमोर मांडले. परिणाम? अंतिम सामन्यासाठी भाऊ परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ जिंकला. चांभार समाजातल्या या भावांनी दया मागितली नाही. त्यांनी हिशेब मागितला.

महाडचे चवदार तळेही कागदावर खुलेच होते. 1923 चा बोले ठराव झाला होता, नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारोंसह तिथे जावे लागले. आजची मैदानेही कागदावर सर्वांना खुली आहेत. प्रत्यक्षात हॉकीचे कृत्रिम मैदान जुन्नरच्या पोरासाठी पिंपरीच्या नेहरूनगरला किंवा बालेवाडीला आहे. सकाळच्या सरावाला तो कसा पोहोचणार? आंबेगावात घोडेगावला आदिवासी प्रकल्प कार्यालय आहे, डोंगरपट्ट्यात आश्रमशाळा आहेत, पळणारी पोरे आहेत. ओडिशातल्या सुंदरगडने आणि झारखंडच्या सिमडेगाने देशाला एकामागून एक आदिवासी हॉकीपटू दिले, ते तिथे गावोगावचे सामने, क्रीडा वसतिगृहे आणि मैदाने आहेत म्हणून. शिडी असली की पोरे चढतात.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

एक, निवड चाचणीतून किंवा संघातून वगळलेल्या प्रत्येक खेळाडूला लेखी कारण द्या. किती मिनिटे खेळवले, चाचणीत किती गुण मिळाले, काय सुधारायचे, हे त्यात असावे.

दोन, वगळल्यानंतर किमान एक वर्ष त्याचे वसतिगृह, आहार आणि सराव चालू ठेवा. परतीची वाट असेल तरच वगळणे न्याय्य ठरते.

तीन, निवड समितीबाहेरच्या व्यक्तीकडे दाद मागता यावी.

चार, शिबिरांत कोणत्या तालुक्यातून, कोणत्या समाजघटकांतून किती मुले-मुली आली आणि किती टिकली, याची आकडेवारी दरवर्षी जाहीर करा. मोजल्याशिवाय विषमता दिसत नाही.

हे फार मागणे आहे काय? आमच्या जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत जाऊन पाहा. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी, कासारांची श्रेणी, कोणी किती शेत दिले, त्यातून कोणती झाडे लावायची, हे सारे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरून ठेवले आहे. साध्या कारागिरांच्या व्यवहाराचा हिशेब तेव्हा कातळावर लिहिला गेला. आजच्या निवड समितीला एका पोराच्या आयुष्याबद्दल कागदावर दोन ओळी लिहिता येत नाहीत?

चहाच्या टपरीवरचा आमचा मित्र शेवटी म्हणाला, “कारण लिहून दिले आणि ते खरे निघाले, तर मान्य कराल ना?” आम्ही म्हणालो, आनंदाने मान्य करू. त्या पोराला घेऊन मैदानावर जाऊ आणि ते कारण खोडून काढेपर्यंत सराव करून घेऊ. आधी कारण तरी लिहा.

जय भीम!