तासांची अट पाळा, नोकरी सोडायला लावू नका



नोकरी सांभाळून घेतलेली पॅरामेडिकची पदवी कच्चीच राहणार, हे आपल्या पत्रलेखकांचे मत पटत नाही. सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या कायद्याने पदवीधर व्यावसायिकाला किमान ३६०० तासांचे, तीन ते सहा वर्षांत पुरे होणारे शिक्षण सांगितले आहे. सहा वर्षांत विभागले तर आठवड्याला जेमतेम बारा तास येतात. पाळ्यांची नीट आखणी केली तर ते जमण्यासारखे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये अशा अभ्यासक्रमांचे दूरस्थ शिक्षण बंद केले, हा त्यांचा दाखला इथे गैरलागू ठरतो. ती बंदी योग्यच आहे, कारण श्वासनलिकेत नळी घालणे पडद्यावर पाहून शिकता येत नाही. अर्धवेळ विद्यार्थी मात्र वर्गात आणि रुग्णालयात प्रत्यक्ष हजर असतो. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातही रुग्णवाहिका सेवेतले कर्मचारी काम करत पॅरामेडिकचे शिक्षण घेतात.

ताम्हिणी घाटातल्या जखमीला पुण्याच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत नेताना अनुभवी हातच हवेत. त्याच माणसांना पूर्णवेळ पदवीसाठी तीन वर्षे बिनपगारी घरी बसवले, तर बहुतेक जण पदवीचा नादच सोडतील. लवळ्याला विद्यापीठ आहे, पौडला ग्रामीण रुग्णालय आहे; अशा अर्धवेळ पदवीची सुरुवात मुळशीतूनच व्हावी. नोकरीचे तास सरसकट प्रात्यक्षिकात धरू नयेत, ही पत्रलेखकांची सूचना मात्र रास्त आहे. शिक्षकाच्या देखरेखीखाली झालेले, नोंदवहीत तपासलेले तासच मोजावेत.

– एक वाचक, मुळशी (जि. पुणे)